आसरा घरी गेल्या

आसरा लेकुरवाळीलाच धरतात, हे माझ्या मायनं मला लग्नाच्या आधीच सांगून ठेवलं होतं. डोहात सात बाया राहतात, केस मोकळे सोडून, त्यांना लेकरू न्हाई, म्हणून जिच्या कडेवर दूधपितं लेकरू दिसलं तिच्यावर त्यांची नजर जाते. "भर दुपारी डोहाकडं जाऊ नको, अन गेलीसच तर लेकराला काजळ लावल्याबिगर नेऊ नको." मी सातवीपर्यंत शाळेत गेले. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की असल्या गोष्टी खोट्या असतात, ते बी मला पाठ होतं. पण शाळेतल्या बाईंना लेकरू घेऊन त्या डोहाच्या काठावर उभं राहायचं काम पडलं न्हाई. मला पडलं.

मी लग्न होऊन आले ते गाव कयाधूच्या काठावर, नरसीच्या खालच्या अंगाला. होळीनंतर सगळी नदी आटते, नुसती वाळू अन गोटे राहतात, पण आमच्या गावाखाली काळ्या खडकाची एक मोठी पायरी हाय, तिच्याखाली डोह हाय, तो आटत न्हाई. दोन्ही काठाला करंजाची झाडं, त्यांची सावली पडून पाणी हिरवंकाळं दिसतं. खंड्या पक्षी येऊन खडकावर बसतो अन सुर्रकन खाली जातो. नवी नवरी होते तवा पाणी भरायच्या निमितानं मी तिथंच बसून राहायची, अन आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वरून हाक मारायच्या, "नदी पिऊन राहिली का गं सूनबाई? घागर भर अन ये."

डोहाचं पाणी आमी कुणी सरळ पीत नव्हतो. डोहाच्या अलीकडं वाळूचा पट्टा होता, त्यात झिरा करायचा. हातानं वाळू उकरायची, खड्डा झाला की बाजूनं पाणी पाझरतं, पहिलं गढूळ येतं ते नारळाच्या नरोटीनं उपसून टाकायचं, मग असं नितळ येतं की तळाचा खडा दिसावा. तेच नरोटीनं घागरीत भरायचं. गावच्या बाया, तांड्यावरच्या बाया, सगळ्या त्याच वाळूवर. ज्याचा त्याचा झिरा, पण नरोटी कुणाची बी चालायची.

मग हिंगोली जिल्हा झाला अन बांधकामं निघाली. कुठं हापिस, कुठं कॉलनी, कुठं दुकानं. त्या सगळ्याला वाळू पाहिजे. आमच्या उतारावरून ट्रॅक्टर खाली येऊ लागले. माणसं बाजाराला गेली की बरोबर त्याच दिवशी यायचे, गावात नुसत्या बाया राहायच्या. एक ट्रॅक्टर भरून गेला की दुसरा. मी तवा पोटुशी होते. सातव्या महिन्यात मी झिरा उकरायला बसायची अन कोपरापर्यंत हात गेला तरी वाळू कोरडीच, खाली खडक लागायचा. वाळू गेली अन तिच्यासंगं पाणी बी गेलं.

बाळंत होऊन, सव्वा महिना करून मी माहेरावरून परत आले, तवा वाळूच्या पट्ट्यात, पार डोहाच्या पाण्यापर्यंत, मोठाले खड्डे पडले होते अन आत्याबाई उतारावर कंबरेला हात लावून उभ्या होत्या. ट्रॅक्टरवाला तरणा पोरगा होता, गॉगल लावलेला, त्यानं इंजिन चालूच ठेवलं होतं.

"ए म्हातारे, बाजूला व्हय. नदी काय तुझ्या बापाची हाय का?"

"माझ्या बापाची न्हाई. पण आत कोण राहतं ते तुला म्हाईत हाय का?"

"कोण राहतं? मगर?"

"आसरा राहतात. तुझ्या मायला विचार घरी जाऊन."

तो हसला. पण हसताना त्यानं पाण्याकडं पाहिलं, ते आत्याबाईनं बराबर हेरलं. घरी येऊन त्यांनी चार बाया गोळा केल्या. तांड्यावरची मावशी बी आली. तिच्या जिभेला लगाम नव्हता, तिला गावातले गडी बी भ्यायचे. आत्याबाई म्हणल्या, तहसीलला अर्ज दिला, तलाठ्याला सांगितलं, काय झालं न्हाई. आता आसरांनाच उतारावर बसवायचं. सात दगड, शेंदूर लावून, बराबर चाकाच्या वाटंत. कोण चालवतो ट्रॅक्टर त्यांच्यावरून ते बघू.

"बसवायच्या कुणी?" मावशीनं विचारलं.

सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या. आसरांचा मान लेकुरवाळीचा असतो. दूधपितं लेकरू असलेली बाई त्यांची वटी भरते, तिनंच त्यांना बसवायचं असतं. त्या वर्षी आमच्या आळीत दूधपितं लेकरू फक्त माझंच.

मी आत्याबाईला म्हणलं, "आत्याबाई, मला लई भेव वाटून राहिलं."

"भेव वाटलंच पाहिजे," त्या म्हणल्या. "जिला भेव न्हाई तिच्या हातानं देव बसत न्हाई."

मी नदीतूनच सात गोल दगड उचलले, धुतले, त्यांना तेल अन शेंदूर लावला, हिरव्या बांगड्या ठेवल्या, दहीभाताचा निवद दाखवला. लेकरू आत्याबाईच्या मांडीवर रडून राहिलं होतं अन मला एकसारखं वाटत होतं, पाण्यातून कुणीतरी त्याचं रडणं ऐकून राहिलंय. सातवा दगड ठेवला अन मी मागं न पाहता वर पळाले.

दुसऱ्या बाजारच्या दिवशी तो गॉगलवाला आला. उतारावर थांबला. खाली उतरला, दगड पाहिले, चपला काढल्या, दोन्ही हातांनी कान धरले अन ट्रॅक्टर तसाच मागं घेतला. आमी करंजाच्या आडून बघून राहिलो होतो. मावशी तोंडात ओढणी कोंबून अशी हसली की खाली बसली.

त्या पावसाळ्यात नदीनं नवी वाळू आणून टाकली. झिरे परत लागले. मी लेकराला पहिलं वरचं पाणी पाजलं ते त्याच झिऱ्याचं.

इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आमी देव बसवला होता, अन देव बसला म्हणल्यावर माणूस येणारच, हे आमच्या एकीच्या बी ध्यानात आलं न्हाई. त्या ट्रॅक्टरवाल्यानंच गावोगाव सांगितलं की कयाधूच्या आसरा लई कडक हायेत, माझं इंजिन जागेवर बंद पाडलं. खरं तर त्यानं ते बंद केलंच नव्हतं. मग बाळापूरकडची एक बाई नवस बोलून गेली अन तिला लेकरू झालं. झालं. मंगळवारी अन शुक्रवारी जीपा यायला लागल्या. आधी एक-दोन, मग उतारापासून रस्त्यापर्यंत रांग.

येणारा माणूस आधी डोहात आंघोळ करायचा, साबण लावून. मग जीप पाण्यात घालून धुवायची, म्हणजे देवाच्या दारी गाडी बी पवित्र झाली. मग काठावर तीन दगडाची चूल, बकरं, रस्सा, पत्रावळी, पलाष्टिकचे गिलास. नवसाची साडी पाण्यात सोडायची, तिच्यासंगं बांगड्या, लिंबं, बाहुल्या, जावळाचे केस. खडकावरून जी धार पडायची तिच्यावर साड्या अडकून लोंबायला लागल्या. खंड्या कवा गेला ते कुणी पाहिलं न्हाई. पाण्यावर डिझेलचा थर चमकायचा, उन्हात त्याला रंग दिसायचे, अन बारकी लेकरं म्हणायची, बघ बघ, इंद्रधनुष्य.

अन घरात बोलायची सोय नव्हती. कारण उताराच्या तोंडाशी नारळाचं अन हारांचं पहिलं दुकान टाकलं ते आमच्या ह्यांनीच. रोज दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस आता सावलीत बसून नारळ विकायचा. "लक्ष्मी आली तुझ्या हातानं," मला म्हणायचे.

मग झिऱ्याच्या पाण्याला वास यायला लागला. आधी थोडा, साबणासारखा, मग कुजल्यासारखा. नरोटी धुतली, झिरा बदलला, वास जाईना. गावात लेकरांना जुलाब सुरू झाले. माझं लेकरू तवा दीड वर्षाचं, नुकतं चालायला लागलेलं. सकाळी त्याला दोनदा झालं, दुपारपर्यंत त्याचे डोळे आत गेले, रडायचं तर डोळ्यातून पाणीच येईना. मी त्याला छातीला लावलं तर त्याच्यात ओढायची बी ताकत न्हाई. टमटममध्ये घालून आमी हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. वाटभर मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसले होते. वारा लागायचा का श्वास लागायचा ते समजंना.

डॉक्टर बाईनं शिरेत सलाईन लावलं अन मला विचारलं, "पाणी कुठलं पाजता?"

"नदीचं. झिऱ्याचं."

"उकळून?"

झिऱ्याचं पाणी कोण उकळतं? तेच तर सगळ्यात चांगलं पाणी. मी मान खाली घातली. ह्यांनी बी घातली.

लेकरू वाचलं. पण घरी आणलं ते नुसतं हाडाचं. रात्रंदिवस मला वाटायचं की हे आसरांनीच केलं, त्यांना उन्हात आणून बसवलं म्हणून. मग वाटायचं, न्हाई, पाण्यानं केलं. मग वाटायचं, पाणी म्हणजे त्याच.

आत्याबाईनं गावात आवाज उठवला. सरपंच भला माणूस होता, पण त्याला कुणाशी वाकडं घ्यायला नको वाटायचं. बायांनीच धरून बसवल्यावर त्यानं ग्रामसभा घेतली. ठरलं ते असं, की जीपा वर गावठाणातच थांबतील, डोहात साबण न्हाई, काठावर चूल न्हाई, अन दर मंगळवारी-शुक्रवारी घरटी पाळीनं दोन माणसं उतारावर उभी राहतील. तांड्याचा बी वाटा. सगळ्यांनी हात वर केले.

पाळी पहिल्याच मंगळवारी मोडली. मावशी अन मी उभ्या होतो. जीपमधला माणूस खाली उतरला, गळ्यात उपरणं, कपाळाला गुलाल.

"देवाच्या वाटेत उभी राहिलीस? लेकरू हाय ना तुझ्या कडेवर? काही बरंवाईट झालं तर मला बोल लावू नको."

मी बाजूला झाले. मावशीनं त्याला नको नको ते सुनावलं, पण जीप गेलीच, तिच्यामागं सगळ्याच गेल्या. मावशी मला म्हणाली, "पोरी, दगड हायेत तोवर ह्यांना ब्रह्मदेव बी अडवू शकत न्हाई."

म्हणून दुसरी सभा डोहावरच झाली, आडवारी, जीपा नसताना. सगळा गाव काठावर बसला. आत्याबाई उठल्या अन म्हणल्या, "आपणच बसवल्या. आता आपणच त्यांना परत पाण्यात घरी पोचवायचं. दगड गेले की गर्दी जाईल."

एकानं विचारलं, "उचलणार कोण?"

सरपंच म्हणला, "बाहेरून एखादा पुजारी आणू."

"पुजारी काहून? त्यानं बसवल्या का?" मावशी म्हणाली. "तुमीच उचला की सरपंच. निवडणुकीला तर लई हात जोडत फिरता."

लोक हसले. सरपंच बी हसला, पण जागेवरून हलला न्हाई. एक म्हातारा म्हणला, आसरांना लेकुरवाळीशिवाय कुणी हात लावायचा नसतो. सभेत त्या दिवशी तीन-चार लेकुरवाळ्या होत्या. त्यानं तसं म्हणल्याबरोबर सगळ्यांनी पदर ओढून लेकरं झाकली. मी बी झाकलं.

"कोणतीही लेकुरवाळी चालती का?" सरपंचानं विचारलं.

आत्याबाई माझ्याकडं न पाहताच म्हणल्या, "जिनं बसवल्या तिनं उठवायच्या असतात."

आमचे हे ताडकन उठले. "माय, याद राख. लेकरू आत्ताच मरता मरता वाचलंय. हिनं हात लावायचा न्हाई."

"मी तिला सांगून राहिले न्हाई," आत्याबाई म्हणल्या. "तिचं लेकरू, तिचा जीव. तिला न्हाई वाटलं तर दगड राहू द्या, अन घागरी उचलून दुसरा गाव बघा."

सगळा गाव माझ्याकडं बघून राहिला होता. मी म्हणणार होते की मला जमणार न्हाई, तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात लेकरू पदरातून बाहेर निघालं अन "मम्, मम्" करायला लागलं. तहान लागली की तसंच म्हणायचं ते. माझ्या शेजारी झिरा होता. कुणाची तरी नरोटी तिथंच पडली होती. मी सवयीनं नरोटी बुडवली, भरली, त्याच्या ओठापाशी नेली अन मधीच माझा हात थांबला. त्या पाण्यावर ते रंग होते. लेकरू नरोटीला दोन्ही हातांनी लटकलं, ओढायला लागलं, मी देईना, ते किंचाळायला लागलं. तहानलेल्या लेकराच्या हातातून मी पाणी काढून घेत होते. सगळ्या गावापुढं.

मी उठले. ह्यांच्यापाशी गेले. "धरा याला."

"अगं पण..."

"धरा म्हणलं ना. अन त्याला हे पाणी पाजू नका."

लग्नानंतर मी त्यांच्याशी असं पहिल्यांदाच बोलले. त्यांनी धरलं.

आत्याबाईनं वटीचं सामान आणूनच ठेवलं होतं. मी दगडांपुढं बसले, खणानारळानं वटी भरली, तांदूळ सगळे बाहेरच सांडले. मंतर मला येत न्हाई. मी आपलं घरच्या बाईशी बोलावं तसं म्हणलं, "माय हो, तुमाला पाण्यातून आणून उन्हात बसवलं ते आमीच. आमाला आमची वाळू राखायची होती. आता लोक तुमच्या घरात जीपा धुऊन राहिले. चला, घरी चला. रागवायचं तर माझ्यावर रागवा, त्याच्यावर नको."

पहिला दगड उचलला. तेलाचे थर बसून बसून तो चिकट झाला होता. घोट्यापर्यंत पाण्यात गेले, सोडला. परत आले, दुसरा. काठावर लेकरू रडत होतं, अन जवर त्याचं रडणं ऐकू येत होतं तवर मला धीर होता. तिसरा, चौथा. दर वेळी थोडं आत जायचे, म्हणजे कुणी परत काढून आणू नये. माझे हात कोपरापर्यंत शेंदरी झाले होते. सहावा सोडला तवा पाणी कंबरेला होतं.

सातवा घेऊन निघाले अन लेकरू गप झालं.

मी मागं वळून पाहिलं. ह्यांच्या खांद्यावर त्याची मान पडलेली दिसली. झोपलं का काय झालं? तसंच बघत बघत मी पाय पुढं टाकला अन पायाखाली काही नव्हतं. गळ्यापर्यंत गेले, मग वरून पाणी गेलं. दगड मी सोडला न्हाई, दगडानं मला अजून खाली नेलं. कानात पाणी, अन पाण्यातून बी मला वर कल्ला ऐकू आला, "धरलं! धरलं तिला!"

मी दगड सोडला. वर आले. काठावर लोक मागं मागं सरकत होते, कुणीच पुढं येईना. फक्त मावशी कंबरेपर्यंत पाण्यात शिरलेली, अन तिनं ओढणी कमरेला गुंडाळून दुसरं टोक माझ्याकडं फेकलं. मला वढत वढत तिनं वाळूवर आणून टाकलं.

"कुणी धरलं गं तुला?" लोकांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं.

मी खोकत होते. तीच बोलली, "आरे, ट्रॅक्टरनं केलेला खड्डा हाय तिथं! वाळू नेली अन खड्डा ठेवून गेले. आसरा काय ट्रॅक्टर चालवतात व्हय?"

मी कुणाचंच ऐकत नव्हते. तशीच ओलीची ह्यांच्याकडं गेले अन लेकराच्या कपाळाला हात लावला. त्याच्या कपाळावर माझ्या हाताचा शेंदूर उमटला. ते दचकून जागं झालं अन माझ्याकडं बघून परत "मम्" म्हणालं. घरून उकळलेलं पाणी आणेपर्यंत मी त्याला खाली ठेवलं न्हाई.

त्यानंतर किती दिवस मी भीत होते. त्याला शिंक आली तरी मी त्याचं कपाळ चाचपायची. जीपा एकदम बंद झाल्या न्हाईत. लोक यायचे, दगडाची जागा बघायचे, विचारायचे, आसरा कुठं गेल्या? उतारावर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास आडवे टाकलेले, पाळीवर जे कोणी असेल ते सांगायचं, "घरी गेल्या." भांडणं झाली, शिव्या खाल्ल्या, एकदा तर मावशीवर कुणी हात उगारला, पण पाळी मोडली न्हाई. गडी बी यायला लागले, आमचे हे बी. दुकान त्यांनी रस्त्यावर नेलं, आता तिथं चहा मिळतो. त्याबद्दल ते मला अजून टोमणे मारतात, अन मी ऐकून घेते. साड्या, चिंध्या, काचा काढायला सगळा उन्हाळा गेला. दोन पावसाळे झाल्यावर झिऱ्याचा वास गेला. तरी मी पाणी उकळूनच देते. खंड्या मला अजून दिसला न्हाई.

परवा माझी पाळी होती. लेकरू आता शाळेत जातं, कडेवर त्याची बहीण हाय. दुपारी एक जीप वर थांबली अन एकटीच पोरगी चालत खाली आली, माझ्यापेक्षा वयानं बारकी, हातात फडक्यात गुंडाळलेलं लेकरू. तिनं काट्याच्या फासापाशी येऊन विचारलं, "ताई, आसरा इथंच हायेत ना?"

तिच्या लेकराचे डोळे आत गेलेले होते. मला ते डोळे ओळखू आले.

"आधी याला हिंगोलीला दवाखान्यात ने," मी म्हणलं. "आत्ताच. जीप तशीच फिरव."

"पण वटी भरायची हाय. न्हाई भरली तर..." तिनं लेकराला छातीशी ओढलं. "तुमी अडवून राहिल्या अन याला काही झालं तर?"

हेच मला त्या गुलालवाल्यानं म्हणलं होतं. तवा मी बाजूला झाले होते. आता मी फास बाजूला सारला, तिचा हात धरला, तिला पाण्याच्या काठापर्यंत नेलं अन म्हणलं, भर. डोहाकडं तोंड करून भर, त्या ऐकतात. खण, नारळ पाण्यात टाकू नको, कपाळाला लावून परत घे. तिनं तसं केलं. मग मी तिला जीपपर्यंत जवळजवळ पळवतच नेलं, ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, अन जीप धुरळा उडवत गेली.

तिचं लेकरू वाचलं का न्हाई मला म्हाईत न्हाई. ती कुठल्या गावची ते बी विचारायचं राहिलं. पाळी सुटल्यावर घरी गेले, पोरगं शाळेतून आलेलं होतं, उंबऱ्यात बसून पाटीवर काहीतरी काढत होतं. मी कडेवरची खाली ठेवली अन आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काय झालं गं माय?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणलं. "पाणी पिलास का?"